भातुकली मोडायची नाही, वाटून घ्यायची

शिबिरांत आपण हुंड्यावर बोलतो, मारहाणीवर बोलतो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून तलाठ्याच्या दारात बसतो. तिथे कुणी 'लहान मुलांचे खेळ' हा विषय काढला, की चहाची सुट्टी झाल्यासारखं सगळ्याजणी सैलावतात. विषय गोड आहे, पण बिनमहत्त्वाचा, असा एकूण सूर असतो. पेण आणि रोहा तालुक्यांत बालवाड्या, महिला मंडळं आणि बचत गटांबरोबर काम करताना माझं मत नेमकं उलट होत गेलं आहे. बाईच्या वाट्याला काय येणार याची पहिली वाटणी खेळात होते. ती सातबाऱ्याच्या कितीतरी आधी होते आणि तिची कुठेच नोंद नसते.

या विषयावर आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच वाक्याशी थांबतो : मुलीला बाहुली देतात आणि मुलाला मोटार. हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबलं, की उपायही तेवढाच सुचतो : मुलीला मोटार आणून द्या. मोटार आणून दिली तरी ती खेळायची कधी, कुठे, आणि मध्येच 'अगं, बाळाला घे' अशी हाक आली तर काय, हे प्रश्न तसेच राहतात. मला वाटतं, कोणतं खेळणं मिळालं यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. खेळायला वेळ किती मिळतो, जागा किती मिळते, आणि हातातली वस्तू मोडून पुन्हा आपल्या मनासारखी जुळवायची मुभा किती असते. या तिन्ही गोष्टी मुलींच्या हातून एकेक करून काढून घेतल्या जातात, आणि त्याला आपण 'वळण लावणं' म्हणतो.

करवंटीचं पातेलं

तीन-चार वर्षांचं मूल काठीवर बसून घोडा पळवतं, तेव्हा ते मोठं काम करत असतं. काठी डोळ्यांना दिसते, घोडा मनात असतो, आणि मूल दिसणाऱ्या वस्तूपेक्षा मनातल्या अर्थाला जास्त मानतं. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचं हेच उदाहरण घेऊन सांगितलं, की विचार करण्याची सुरुवात इथे होते. आपल्याकडे घोड्याच्या जागी करवंटी ठेवा. करवंटीचं पातेलं, वाळूचा भात, करंजाच्या पानांच्या पोळ्या, चिंचोक्यांचे पैसे. समोर नाही ते आहे असं धरून चालणं, आणि मग 'असं झालं तर?' असं विचारणं, यालाच कल्पकता म्हणतात. चित्रकाराला तीच लागते, शास्त्रज्ञाला तीच लागते, आणि चळवळीलाही तीच लागते. समाज आज जसा आहे त्याहून वेगळा असू शकतो, हे ज्याला कधी कल्पताच आलं नाही, तो मोर्चात कशाला येईल?

म्हणूनच आपल्यातल्या काही मैत्रिणी 'भातुकली बंदच करा, ती चुलीची तालीम आहे' असं म्हणतात, ते मला पटत नाही. भातुकली हा अतिशय समृद्ध खेळ आहे. त्यात गोष्ट असते, भूमिका असतात, मोजमाप असतं, भांडण आणि तडजोड असते. घरात जे चाललं आहे ते मुलं त्यात मांडून पाहतात. मुलगा खेळायला आला नाही, की एखादी मुलगीच 'बाबा' होते. ती पाय पसरून बसते आणि 'पाणी आण' म्हणून ओरडते. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं, तिने ते पाहिलेलं असतं. ज्या घरात बाप दारू पिऊन येतो, तिथल्या भातुकलीतला बापही झुलत येतो. पण त्याच भातुकलीत कधी कधी आई त्याला दाराबाहेर ठेवते. घरात जे घडलेलं नाही ते मुलीने खेळात घडवून पाहिलेलं असतं. ही जागा बंद करून आपण काय मिळवणार?

दोष आहे तो भातुकलीच्या दारावर बसवलेल्या पहारेकऱ्यांचा. चार वर्षांच्या मुलाने करवंटीत भात ढवळला, की मोठी माणसं हसतात आणि 'बायल्या' म्हणतात. हा एक शब्द दोन कामं करतो. मुलग्याला सांगतो, की रांधणं, वाढणं, बाळाला थोपटणं हे तुझं काम नाही. आणि शेजारी बसलेल्या मुलीला सांगतो, की तू जे करतेस ते हलकं आहे, म्हणून तर त्याची शिवी होते. मुलग्याचंही यात नुकसान आहे. माया करण्याची, दुसऱ्याची भूक ओळखण्याची तालीम त्याच्याकडून काढून घेतली जाते, आणि पंचवीस वर्षांनी आपणच विचारतो, की याला बायको आजारी असलेली दिसत कशी नाही?

मोठ्यांच्या नजरेची गंमत अशी, की ती मूल रांगायच्या आत कामाला लागते. १९७६ साली अमेरिकेत जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या एकाच बाळाची एकच फिल्म त्यांनी लोकांना दाखवली. निम्म्यांना सांगितलं हा मुलगा आहे, निम्म्यांना सांगितलं ही मुलगी आहे. झाकण उघडताच बाहुला उसळून येणाऱ्या डब्याकडे पाहून बाळ रडलं, तेव्हा 'मुलगा' समजणाऱ्यांना तो राग वाटला आणि 'मुलगी' समजणाऱ्यांना ती भीती वाटली. बाळ तेच होतं. रागावलेल्याला आपण लढायला शिकवतो आणि घाबरलेलीला कडेवर घेतो. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

पेणची माती

कल्पकतेचा आणि लिंगभेदाचा संबंध पाहायचा तर पेणइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही. गणपतीच्या मूर्ती म्हटलं की पेण, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत घराघरांत कारखाने आहेत. इथली मुलं मातीतच वाढतात. कारखान्याच्या कोपऱ्यात शाडूचा एखादा गोळा मुलांच्या वाट्याला येतो आणि त्याचा उंदीर होतो, लाडू होतो, साप होतो, पुन्हा गोळा होतो. पाच वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या हातांत काही फरक दिसत नाही. दोघांचे उंदीर सारखेच वेडेवाकडे असतात.

आता त्याच कारखान्यात मोठी माणसं काय करतात ते पाहा. मी ज्या कारखान्यांत गेले आहे, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी घासकाम बायकांकडे, पहिला पांढरा हात बायकांकडे, पितांबराचे आणि दागिन्यांचे रंग भरणं बायकांकडे. डोळ्यांची आखणी मात्र पुरुषांकडे. मूर्तीला जिवंतपणा येतो तो डोळ्यांनी, त्यामुळे आखणी करणाऱ्याचा मान मोठा आणि मोबदलाही मोठा. 'बायकांचा हात स्थिर नसतो' असं कारण मला ऐकवलं गेलं आहे. सुईत दोरा ओवणारा, तांदळातला खडा नेमका टिपणारा, दारात रोज रांगोळीची रेघ ओढणारा हात स्थिर नसतो! अलीकडे काही बायका आखणी करू लागल्या आहेत आणि त्यांचे गणपती तिरळे झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

मग फरक पडतो कुठे? आखणीचा हात काही एका दिवसात येत नाही. पोरवयात आधी फुटक्या मूर्तीवर, मग लहान मूर्तीवर, चुकत, पुसत, पुन्हा काढत तो येतो. थोडक्यात, खेळत येतो. मुलगा बापाच्या मागे बसून रिकामा ब्रश फिरवतो, बाप त्याला चार रेघा खराब करू देतो. त्याच वयाच्या मुलीला आई म्हणते, 'रंग सांडू नकोस, पाणी भर.' चुका करायची सवलत एकाला मिळाली आणि एकीला मिळाली नाही. पंधरा वर्षांनी त्यालाच आपण 'उपजत कला' म्हणतो.

आणखी एक गोष्ट. शाडू मोडून पुन्हा मळता येते. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होतं आणि मग त्याला दुसरा आकार नाही. पर्यावरणासाठी शाडू बरी की प्लास्टर, हा वाद आपण ऐकतोच. पण जिथे प्लास्टरच आहे, तिथे मुलांच्या हाताला पडणारा तो गोळाही गेला, हे या वादात कुणी बोलत नाही.

'आवाज करू नका'

पेणहून रोह्याला आलं की चित्र बदलतं. कुंडलिकेच्या काठचं हे गाव धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे पाळ्यांच्या घड्याळावर चालतं. ज्या घरातला पुरुष रात्रपाळी करून येतो, त्या घरात दिवसा एकच नियम असतो : आवाज करू नका. नियम सगळ्यांना सारखा, पण त्यातून सुटका सारखी नाही. मुलग्यांना म्हणतात, 'जा, बाहेर जाऊन खेळा.' मुलींना म्हणतात, 'इथेच बसा, गप्प खेळा.' दोन खोल्यांच्या घरात गप्प बसून जे खेळता येतं तेच मुलगी खेळते, आणि मग आपण म्हणतो, मुली स्वभावतःच शांत असतात. धावण्याचं, झाडावर चढण्याचं, पडण्याचं, गुडघा फुटला तरी पुन्हा उठण्याचं शिक्षण मैदानावर मिळतं. ज्याला पडायची सवय असते तोच पुढे धोका पत्करतो.

हातात पगार येतो म्हणून या घरांत बाजारातली खेळणीही येतात. मुलग्यासाठी बंदूक. मुलीसाठी गुलाबी डब्यातलं स्वयंपाकघर : गॅसची शेगडी, मिक्सर, कुकर, सगळं प्लास्टिकचं आणि सगळं हुबेहूब. करवंटी आज पातेलं असते, उद्या टोपी, परवा होडी. प्लास्टिकचा मिक्सर मिक्सरच राहतो. म्हणजे बाजाराने भातुकलीतली कल्पकता काढून घेतली आणि चूल तेवढी शिल्लक ठेवली. डब्यावर पुन्हा मुलीचंच चित्र, म्हणजे चुकूनही मुलग्याचा हात लागू नये.

खेळ कधी संपला?

बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना विचारत असते, 'तू शेवटची कधी खेळलीस?' आधी सगळ्या हसतात. मग उत्तरं येतात. 'धाकटा भाऊ झाला तेव्हा.' 'आई रोजावर जायला लागली तेव्हा.' 'पाळी आली त्या साली.' आजवर एकाही बाईने 'मला खेळायचा कंटाळा आला म्हणून' असं उत्तर दिलेलं नाही. पुरुषांना हाच प्रश्न विचारला तर बहुतेकांना तारीख सांगता येत नाही, कारण त्यांचा खेळ कुणी एका दिवशी थांबवलेला नसतो.

पेणच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूला, उन्हाळ्यात मुलींचा खेळ हंडा थांबवतो. हेटवणे धरण याच पेण तालुक्यातलं. त्याचं पाणी नवी मुंबईला गेलं आणि खारेपाटातल्या बायकांनी वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहिली. टँकरच्या रांगेत आईची जागा धरून उभी असते ती सात-आठ वर्षांची मुलगी. कातकरी वाड्यांची गोष्ट याहून कठीण. दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. तिथे आई-बाप दोघंही कामावर, आणि सहा-सात वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन फिरते. ती खेळत नाही असं नाही. कडेवर बाळ घेऊनही ती ठिकरीच्या चौकोनात उडी मारते. पण ते खेळणं चोरून केलेलं असतं. तेव्हा 'खेळ' हा प्रश्न सुखवस्तू घरातला आहे, असं जे म्हणतात त्यांनी एकदा भट्टीवर येऊन पाहावं. खेळायला मिळणं न मिळणं हे जात, गरिबी आणि बाईपण या तिन्हींनी मिळून ठरतं.

सरकारी आकडेही हेच सांगतात. २०२४ च्या वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीत, जे घरचं बिनमोल काम करतात त्यांच्यात, बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं निघाला. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोन्हींकडची दहा-नऊ मिनिटं कमी झाली आणि दरी होती तिथेच राहिली. या पाहणीत किती वयापासून मोजलं जातं? सहा वर्षांपासून. बाईचं बिनमोल काम मोजायला सरकारनेच भातुकलीच्या वयापासून सुरुवात केली आहे.

लग्नानंतर मग बाईला खेळ परत मिळतो, पण व्रताच्या पदराआडून. मंगळागौर जागवायची, गौरीच्या रात्री फुगड्या घालायच्या. त्या रात्री साठीच्या आजीबाईंच्या अंगात जे वारं भरतं ते पाहिलं, की एवढी ताकद, एवढा ताल, एवढा विनोद वर्षभर कुठे दडवून ठेवलेला असतो, असा प्रश्न पडतो. वर्षातून एक-दोन रात्री मिळालेली ही परवानगी आपल्याला पुरेशी वाटावी का?

आधी होऊन गेलेल्या बाया

हा विचार काही नवा नाही आणि परदेशातून आणलेलाही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांनी ते १९९२ साली त्यांचं निधन होईपर्यंत पुढे चालवलं. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी उपदेशात शोधलं नाही. मुलीच्या कडेवर बाळ आहे म्हणून ती येत नाही, हे त्यांनी पाहिलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी त्यांनी उभारली. बाळ पाळण्यात, मधलं भावंड बालवाडीत, आणि मुलगी शाळेत. गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली. साहित्य काय, तर बिया, शंख, शिंपल्या, पानं. मुलीच्या कडेवरचं बाळ उतरवल्याशिवाय तिचे हात मोकळे होत नाहीत, एवढी साधी गोष्ट होती ती.

रोह्याशी जोडलेलंही एक नाव आहे. चिंतामणराव देशमुखांमुळे रोह्याच्या सून झालेल्या दुर्गाबाई देशमुख. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५९ साली स्त्रीशिक्षणावर अहवाल दिला आणि त्यातून राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषद निघाली. त्या परिषदेने नेमलेल्या हंसा मेहता समितीने १९६४ सालीच सांगितलं, की मुलगा-मुलगी म्हणून अभ्यासक्रमात भेद करू नये. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत हे उतरायला मात्र किती काळ जावा? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले ते २०१९ साली. उशीर झाला, पण झालं ते चांगलंच झालं. मात्र दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं. त्याच्या आधीची बरीचशी वर्षं अंगणवाडीत जातात.

म्हणून खरी जागा अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून पूर्वप्राथमिक शिक्षण हे तिच्या कामांपैकी एक आहे. प्रत्यक्षात सेविकाताईचा दिवस कसा जातो? वजनं, आहार, गृहभेटी, सर्वेक्षणं, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरमध्ये भरायची माहिती. एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने खेळ कसा घ्यायचा? त्यात पालक म्हणतात, 'बाई नुसत्या खेळवतात, एबीसीडी शिकवत नाहीत.' डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसाठी संप केला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. त्या संपात आपण पाठिंब्याची पत्रकं काढली. पण तिच्या पगाराचा प्रश्न हा मुलींच्या खेळाचाही प्रश्न आहे, असं आपण त्यात लिहिलं नाही. लिहायला हवं. जिचं काम 'पोरं सांभाळणं' म्हणून स्वस्त धरलं जातं, तिच्याकडूनच आपण नव्या समाजाची पायाभरणी मागतो.

गटांनी काय करावं

एक : एका संध्याकाळी पाच ते सात या वेळेत गटातल्या चौघी-पाचजणींनी गावातून फिरावं. किती मुली खेळताहेत, किती मुलगे, कुठे आणि काय, हे कागदावर लिहावं. घरात आणि पाणवठ्यावर असलेल्या मुलींचीही नोंद करावी. तो कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. भाषणापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

दोन : अंगणवाडीत भातुकलीचा कोपरा ठेवावा, त्यात करवंट्या, माती, चिंध्या असाव्यात, आणि तो मुलग्यांना मुद्दाम खुला करावा. 'बायल्या' म्हणणाऱ्या काकांना तिथेच थांबवावं. हे काम सेविकाताई एकटी करू शकत नाही, गटाने पाठीशी उभं राहावं.

तीन : मैदानावर आठवड्यातून दोन संध्याकाळ फक्त मुलींच्या ठरवून घ्याव्यात. मुलगे कुरकुर करतील. करू देत.

चार : पेणच्या कारखानदार घरांतल्या मैत्रिणींनी आपल्या मुलींच्या हातात आखणीचा ब्रश द्यावा आणि पहिल्या पन्नास रेघा बिघडू द्याव्यात.

पाच : वीटभट्टीवर पाळणाघर आणि घराजवळ पाणी, या मागण्यांच्या निवेदनात एक ओळ वाढवावी : 'मुलींना खेळायला वेळ मिळावा म्हणून.' बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात खेळाचा हक्क लिहिलेला आहे आणि भारताने तो करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला आहे. तेव्हा ही ओळ वाचून साहेब हसले, तर त्यांना कराराचं ३१ वं कलम दाखवावं आणि निवेदनाच्या पोचपावतीवर सही घेऊनच उठावं.